पेशंटचं नाव काय लिहू?

डायलिसिससाठी हातात बसवलेली कृत्रिम नळी, म्हणजे ग्राफ्ट, गुठळीने बंद पडली की डायलिसिसच अडतं. ती गुठळी काढणारा कॅथेटर, म्हणजे आत सरकवायची बारीक नळी, आम्ही पुण्यात बनवत होतो. एमडी-१२, म्हणजे चाचणीपुरतं उपकरण बनवण्याच्या परवान्याचा अर्ज, भरून टेस्ट लायसन्स मिळालं. टेबलावर नकली ग्राफ्ट उभा करायला ६ मिमीची पीटीएफई (ग्राफ्टचंच प्लास्टिक) नळी आली, ३७ अंशांवर पाणी फिरवणारा पंपही बसला. घोडं अडलं ते गुठळी बनवायला लागणाऱ्या रक्तावर.

एका रक्तपेढीत मुदत संपलेल्या पिशव्या मागितल्या. सीपीडीए-१ या रक्त टिकवणाऱ्या द्रावणातलं रक्त ३५ दिवसांनी बाद होतं, टाकूनच द्यायचं असतं. खिडकीतल्या बाईंनी मागणीपत्रक सरकवलं.

"पेशंटचं नाव?"

"पेशंट नाही मॅडम, प्रयोग आहे."

"मग वॉर्ड?"

नावाचा रकाना रिकामा असला की फॉर्म घेतच नाहीत. साहेबांना पत्र द्या म्हणाले. दिलं, तर कंपनीचं चालत नाही, एथिक्स कमिटीचं आणा. तेही आणलं, तेव्हा कळलं की बाद पिशव्या बायोमेडिकल कचऱ्यात जातात, बाहेर देताच येत नाहीत. नियम योग्यच आहे, माणसाच्या रक्ताचा संसर्ग हा काही खेळ नाही. पण हे एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगायला काय जात होतं? तुम्ही जाल तर आधी तोंडी विचारा, "बाहेर देता का?" नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा.

शेवटी परवाना असलेल्या कत्तलखान्यातून म्हशीचं रक्त घेतलं. तिथे कुणी पेशंटचं नाव विचारलं नाही.

बाटलीत सोडियम सायट्रेट आधीच घालून न्या, ३.२ टक्क्यांचं, नऊ भाग रक्ताला एक भाग. नाहीतर गाडीतच दही लागतं. पुढे नळीत गुठळी बनवताना कॅल्शियम क्लोराइड घालायचं, म्हणजे रक्त पुन्हा गोठतं. लाल, मऊ गुठळी निघाली म्हणून हुरळून जाऊ नका, ती कुठलाही कॅथेटर ओढतो. ग्राफ्टचं एक टोक धमनीला जोडतात, दुसरं शिरेला; खरी परीक्षा धमनीच्या जोडापाशी बसणाऱ्या फिकट, चिवट बुचाची. तसं बूच हवं तर रक्त बंद नळीच्या वेटोळ्यात फिरवत गोठवा. हो, रक्त आणताना बाटली बर्फाला थेट टेकवू नका, पेशी फुटतात. आणि शिरेकडच्या जोडाला नळी मुद्दाम अरुंद ठेवा, बहुतेक ग्राफ्ट तिथल्याच अडथळ्यामुळे बंद पडतात.

बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली बारीक जाळी लावून चुरा वजन करा, पेशंटमध्ये तो फुप्फुसात जातो. आमच्या जाळीवर जेमतेम चिमूटभर उतरला, हे मी अजून भेटेल त्याला सांगतो.