इंजिन कोणतं घेऊ?

दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो आणि शनिवार-रविवार गॅरेजमध्ये हात काळे करतो, एवढं कळलं की महाराष्ट्र मंडळातली पोरं एकच प्रश्न विचारतात: "काका, रोज ऑफिसला नेता येईल अशी हॉट रॉड बांधायचीय. इंजिन कोणतं घेऊ?" हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीत दमदार इंजिन टाकून नव्याने बांधलेली गाडी. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मला सांगा, रोज म्हणजे कुठे? ४०५ फ्रीवेवर ६५ मैलांनी जायचं आणि पुढच्याच एक्झिटला ऑगस्टच्या उन्हात इंचाइंचाने सरकायचं, असंच ना? मग हॉर्सपॉवर राहू द्या, गिअरचं गणित करा. २८ इंची टायर आणि मागच्या ॲक्सलचं गिअर-गुणोत्तर ३.५० असेल, तर थेट गिअरमध्ये (गिअरबॉक्सचं गुणोत्तर १) ६५ मैलांना इंजिन सुमारे २७३० आरपीएमवर ओरडतं. त्याच गाडीत फोर्डचा एओडी हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टाकला, की चौथ्या गिअरच्या ०.६७ गुणोत्तरामुळे आकडा १८३० च्या आसपास येतो. रोज तासभर ज्याला तो आवाज ऐकायचाय, त्याला हा फरक कळेल. पण एओडी जुन्या थ्री-स्पीडपेक्षा अंगाने दांडगा. म्हणजे चासीचा, गाडीच्या लोखंडी सांगाड्याचा, मधला क्रॉसमेंबर (आडवा दांडा) त्याच्या मापाने बनवायला हवा. बघा, गिअरबॉक्स ठरवला आणि लगेच चासीवर येऊन पोचलो.

बहुतेकांच्या डोक्यात १९२८ ते ३१ ची फोर्ड मॉडेल ए असते. तिची मूळ चासी ४० हॉर्सपॉवरच्या चार सिलिंडरसाठी केलेली, एका बाजूने उघड्या चॅनेलची. आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाचा पीळ तिला सोसत नाही. उघड्या बाजूला पट्टी वेल्ड करून चॅनेलची पेटी करावी लागते, ह्यालाच बॉक्सिंग म्हणतात. रोजच्या गाडीला मी तर १९३२ च्या नमुन्याची नवी बॉक्स चासीच घ्या म्हणेन. जुनं लोखंड जपण्याची हौस मलाही आहे, पण गंजाने खाल्लेल्या चॅनेलवर वेल्डिंग करत महिने घालवायची नाही. मात्र ए चा व्हीलबेस १०३.५ इंच आणि बत्तीसचा १०६, हे बॉडी बसवायच्या आधी लक्षात असू द्या.

चासीला हात लावण्याआधी चाकं आणि टायर प्रत्यक्ष विकत आणा. गाडी जमिनीपासून किती वर आणि पुढे किती झुकलेली राहणार, हे त्यांच्यावरच ठरतं. नुसत्या देखण्या दिसण्यासाठी नाक एक अंश खाली केलं, तर पुढच्या सरळ ॲक्सलचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचा मागे झुकलेला कोन, तोही एक अंशाने कमी होतो. तिथे ५ ते ७ अंश लागतात. कमी पडले तर फ्रीवेवर स्टिअरिंग सरळ धरतानाच हात भरून येतात.

मग चासी त्याच उंचीवर, त्याच झुकावात स्टँडवर ठेवायची आणि ओळंबा काढायचा. दोन्ही बाजूंच्या नेमक्या त्याच भोकांतून दोरी सोडायची आणि टोक स्थिरावलं की जमिनीवर खडूने फुली मारायची. पुढे-मागे चार फुल्या झाल्या की कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे आले तर चासी काटकोनात, नाहीतर वेल्डिंगचं मशीन बंदच ठेवायचं. वेल्डिंगसुद्धा एका दमात नाही. सगळीकडे टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून घ्यायचे, मग इंचभर इथे, इंचभर समोरच्या बाजूला, मध्ये थंड होऊ द्यायचं. एका बाजूने सरळ ओढत गेलात तर अख्खी चासी केळ्यासारखी वाकते.

आता तुमचं इंजिन. शेवरलेचं ३५० (घन इंचांचं) स्वस्त, भाग कुठेही मिळतात, पण त्याचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग, मागे. ए च्या आखूड बॉनेटखाली तो फायरवॉलला, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, जाऊन भिडतो. मग फायरवॉल आत घ्या आणि पायाची जागा घालवा. फोर्डच्या ३०२ चा डिस्ट्रिब्युटर पुढे, म्हणून माझं मत ३०२ ला. फक्त जुन्या ३०२ चा ऑइल पॅन (इंजिनाखालची तेलाची टाकी) पुढच्या बाजूला खोल असतो आणि क्रॉसमेंबरला अडतो. मागे खोल असलेला शोधा. डावीकडे स्टिअरिंग बॉक्स आणि एक्झॉस्ट एकाच जागेसाठी भांडतात, तेही तिथेच टॅक मारून बघायचं.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर ह्या गाड्यांत फरशीखाली, म्हणजे चाकाजवळच्या कॅलिपरपेक्षा (डिस्क ब्रेकच्या पकडीपेक्षा) खालीच बसतो. ब्रेक ऑइल उलटं परतू नये म्हणून लाइनमध्ये रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो: डिस्कला २ पीएसआय, ड्रमला १०. वस्तू चिमुकली, पण यादीतून हमखास सुटते.

पुण्याहून फोन येतात, "आमच्या जुन्या जीपला असं करता येईल का?" भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आरसी बुकातल्या नोंदीशी गाडी जुळली पाहिजे. आधी आरटीओत विचारा, मग पाना उचला.

गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलला जाणारा प्रोपेलर शाफ्ट मात्र सगळ्यात शेवटी बनवून घ्या. बॉडी, काच, सीट, भरलेली टाकी, सगळं वजन चाकांवर आल्यावर मागचे स्प्रिंग बसतात, तेव्हाच इंजिनाचा आणि पिनियनचा (मागच्या ॲक्सलमधल्या शाफ्ट जोडायच्या गिअरचा) कोन जुळवता येतो आणि शाफ्टची खरी लांबी मिळते.