तुम्ही विचारलंत म्हणून: वर्ष गेलं तरी त्याला परत का पाठवलं?

"पोराचं वर्ष गेलं, तरी परत पुण्याला इंजिनिअरिंगला का पाठवलंस?" नणंद विचारते, कारखान्यातल्या बायका विचारतात, भाजी घेताना शेजारीणही विचारते. दरवेळी "करतोय अभ्यास" एवढं बोलून मी विषय संपवते. आज सगळं सांगते.

आधी पैशाचं. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, त्यामुळे मला हिशेब कळत नाही असं कुणी म्हणू नये. राजर्षी शाहू योजनेत त्याची निम्मी ट्यूशन फी सुटते. (मुलींना २०२४ पासून, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, पूर्ण माफ आहे. ज्यांच्या मुली बारावीला आहेत त्यांनी दाखले आत्ताच काढून ठेवा.) खोली आणि मेस मात्र आपल्याच खिशातून. वर्ष राहिलं म्हणून जेवण थांबत नाही की भाडं थांबत नाही. हे सगळं मांडूनच मी त्याला पाठवलं.

"तुला आधी कळलं कसं नाही?" असंही विचारतात. अहो, निकाल मुलाच्या लॉगिनला येतो, आईच्या फोनवर येत नाही. एटीकेटी आहे, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलाय, हे माहीत होतं. इंजिनिअरिंगला कुणाला नसते?

तो जुलैत आला, रात्री सोलापूरला पोचणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसने. मी स्कूटी घेऊन स्टेशनला गेले होते. एरवी पाठीवर एक सॅक असते. त्या रात्री सॅक, मोठी बॅग आणि दोरीने आवळलेली वळकटी. वरून दिसत होती ती पहिल्या वर्षाला जाताना मी दिलेली चादर. ती बघितल्यावर काय झालं हे विचारायची गरजच उरली नाही.

"किती राहिले?"

"पाच. गणिताचा एम-थ्री धरून."

"पुढच्या वर्षाला?"

त्याने नुसती नाही अशी मान हलवली. मग खिशातून पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. "खोली सोडली. डिपॉझिट आहे. एवढे तरी वाचले."

आम्ही स्टेशनबाहेरच्या कट्ट्यावर बसलो. गाडीची माणसं पांगली, रिक्षावाले "कुठं जायचं?" विचारून कंटाळले. तो म्हणत होता, मामाच्या दुकानात बसतो, काउंटर सांभाळतो, तुमच्यावर भार नको. मी विचारलं, "पैसे वाचवायला आलास, का शिकायचंच नाही म्हणून आलास?" बराच वेळ तो पायाने वळकटी पुढे-मागे ढकलत राहिला. शेवटी म्हणाला, "माहीत नाही."

त्या "माहीत नाही"वर मी ठरवलं. "नको" म्हणाला असता तर दुसऱ्या दिवशी मीच त्याला मामाच्या दुकानात सोडलं असतं, आणि खरंच सांगते, मला त्याची लाज वाटली नसती. पण ज्याला माहीत नाही त्याला कळायला वेळ द्यावा लागतो. इथे दुकानात बसला असता तर तो वेळ मिळाला नसता. घरात भांडण झालं. यांचं म्हणणं होतं की पोरगं स्वतः नको म्हणतंय तर कशाला? मी म्हटलं, ते नको म्हणालेलंच नाही. तेच डिपॉझिट पुन्हा खोलीला भरलं.

मी जबरदस्ती केली, असं नणंद म्हणते. "एक सेमिस्टर बघ, मग तू म्हणशील ते," असं मी त्याला सांगितलं होतं. एकोणीस वर्षांच्या मुलाला आईचं असं बोलणं जबरदस्तीसारखं वाटलं असेल का? वाटलं असेल.

बारावीनंतर मीच म्हणत होते, इथेच राहू दे. सोलापुरात इंजिनिअरिंग आहे, २००४ पासून आपल्या जिल्ह्याचं स्वतःचं विद्यापीठ आहे, पोरगं डोळ्यासमोर राहील. त्या वेळची मी आज समोर उभी राहिली तर विचारेल, "घरी असता तर तो जेवत नाही, झोपत नाही, हे तुला आधी दिसलं नसतं का?" कदाचित दिसलं असतं. कदाचित घरीही त्याने दार लावून घेतलं असतं. यावर आमचं दोघींचं अजून जमलेलं नाही.

आता तो थर्ड इयरला आहे. एम-थ्री निघाला, एक विषय अजून अडकलाय. डिग्री वेळेत होईल का, नोकरी लागेल का, मला सांगता येत नाही. गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या जत्रेला, तो घरी येईल. तुम्हाला काय विचारायचं ते मला विचारा. त्याला विचारायचंच असेल तर जेवलास का, एवढंच विचारा.