हे कशाचे प्रतीक आहे?

अमेरिकन कथा शिकवणाऱ्या माणसाला एक प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो, आणि तो केवळ विद्यार्थी विचारतात असे नाही, आवडीने वाचणारी मंडळीही विचारतात. लहान गावांतल्या माणसांच्या या कथांमध्ये कुणाचे हात, कुणाच्या खिशातले कागदाचे गोळे, चौकात आणून ठेवलेली एखादी काळी पेटी अशा गोष्टी ठळकपणे येतात; त्या कशाचे प्रतीक आहेत आणि ते आपल्याला कळायचे कसे, असा तो प्रश्न असतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा गाईडमधला तक्ता असतो, ज्यात एका रकान्यात वस्तू आणि दुसऱ्या रकान्यात तिचा अर्थ छापलेला असतो. तुम्ही विचारलेत म्हणून माझे उत्तर आधीच सांगते. या कथांमध्ये वस्तूचा अर्थ लावण्याचे काम वाचकाच्या कितीतरी आधी गावाने केलेले असते. त्यामुळे अमुक वस्तू कशाचे प्रतीक आहे हे ठरवण्यापूर्वी गाव तिच्याबद्दल काय बोलते आणि ती ज्याची आहे तो माणूस तिचे काय करतो, हे पाहावे. या दोन गोष्टी सहसा जुळत नाहीत, आणि त्या जिथे जुळत नाहीत तिथे कथा काहीतरी सांगत असते.

यासाठी शेरवुड अँडरसन यांच्या ‘वाईन्सबर्ग, ओहायो’ या १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहाइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. वाईन्सबर्ग हे गाव कल्पित आहे, पण अँडरसन यांचे बालपण ओहायो राज्यातल्याच क्लाइड नावाच्या गावात गेले आणि त्या गावाची छाया या पुस्तकावर स्पष्ट दिसते. रेल्वेचे स्थानक, एक हॉटेल, एक वर्तमानपत्र, एक बँक, गावाभोवती बेरीचे मळे आणि सफरचंदाच्या बागा, एवढा हा पसारा. एवढ्याशा जागी प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, आणि ओळखतो म्हणजे त्याच्या एका कुठल्या तरी गोष्टीवरून ओळखतो. जॉर्ज विलर्ड हा स्थानिक वर्तमानपत्राचा तरुण बातमीदार या कथांना जोडणारा धागा आहे, कारण गावातली एकाकी माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू पाहतात.

‘हँड्स’ ही त्यातली कथा १९१६ साली ‘द मासेस’ या मासिकात प्रथम छापून आली. गावाच्या कडेला, एका घळीजवळच्या लहानशा लाकडी घराच्या व्हरांड्यात विंग बिडलबॉम नावाचा ठेंगणा, लठ्ठ माणूस अस्वस्थपणे येरझारा घालत असतो. समोरच्या शेतात क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाचे बी पेरले होते, पण तिथे पिवळ्या मोहरीचे तणच माजले आहे. पलीकडच्या रस्त्यावरून बेरी तोडून परतणाऱ्या मुलामुलींची गाडी चाललेली असते आणि त्यातून एका मुलीचा आवाज येतो, की केस विंचर, ते तुझ्या डोळ्यांवर येताहेत. विंगला टक्कल आहे. तरीही त्याचे हात कपाळाकडे जातात आणि नसलेल्या बटा सारख्या करू लागतात. कथेचा हा पहिलाच परिच्छेद मी वर्गात फार सावकाश वाचते. गावाने थट्टेत उच्चारलेल्या एका शब्दासरशी त्याचे हात हलतात, म्हणजे हे हात त्याच्या देहाचे असले तरी त्यांच्यावर हुकूम गावाचा चालतो. प्रतीकाचा शोध घेण्याआधी एवढे टिपले, तर पुढची वाट सोपी होते.

मग निवेदक सांगतो की वाईन्सबर्गला या हातांचा अभिमान आहे. त्या हातांनी विंगने एका दिवसात १४० क्वार्ट (क्वार्ट म्हणजे साधारण लिटरभराचे माप) स्ट्रॉबेरी तोडल्या आहेत. बँकवाल्या व्हाइटचे नवे दगडी घर आणि क्लीव्हलंडच्या शर्यतीत जिंकलेला वेस्ली मॉयरचा घोडा यांचा गावाला जसा अभिमान, तसाच या हातांचा. म्हणजे माणसाच्या हातांना घर आणि घोडा यांच्या पंक्तीला बसवलेले आहे. ‘विंग’, म्हणजे पंख, हे नावही हातांच्या सततच्या फडफडण्यावरून पडलेले आहे. आडनावाची हकिगत तर त्याहून बोलकी आहे: पळून येताना ओहायोतल्या एका मालधक्क्यावर त्याला एक खोके दिसले आणि त्यावरचे नाव त्याने स्वतःला घेतले. त्याच्या नावातला एकही भाग त्याचा नाही.

तो कशापासून पळाला, हे कथेच्या मध्यावर कळते. पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात तो अडॉल्फ मायर्स या नावाने शिक्षक होता. मुलांशी बोलताना त्यांच्या खांद्यावरून, केसांवरून हात फिरवणे ही त्याची शिकवण्याचीच रीत होती. मनातली स्वप्ने मुलांपर्यंत पोहोचवण्याचे ते त्याचे साधन होते. एका मंदबुद्धी मुलाने शिक्षकाविषयीची आपली गलिच्छ स्वप्ने खरी म्हणून सांगितली, घरोघरी मुलांची उलटतपासणी झाली, दारूच्या गुत्त्याच्या मालकाने शाळेच्या अंगणात येऊन त्याला ठोसे मारले आणि रात्री डझनभर माणसे दोर घेऊन आली. त्याचा केविलवाणा अवतार पाहून त्यांनी त्याला सोडले, पण लगेच आपल्या दुबळेपणाचा पस्तावा होऊन ती काठ्या आणि चिखलाचे गोळे फेकत त्याच्यामागे धावली. या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे वाक्य अगदी साधे आहे. नेमके काय घडले हे त्याला कळलेच नाही. पण दोष हातांचा असणार, असे त्याला वाटले, कारण मुलांचे वडील पुन्हा पुन्हा हातांविषयीच बोलत होते.

विंग बिडलबॉम हे पात्र मला या वाक्यात सापडते. गावाने त्याच्या हातांना दिलेला अर्थ त्याने स्वतःच स्वीकारला आहे आणि पुढची २० वर्षे तो त्या अर्थाच्या धाकात जगला आहे. वय चाळिशीचे, पण तो दिसतो पासष्टीचा. जॉर्जशी मोकळेपणाने बोलायचे झाले तर तो आधी मुठी आवळतो आणि टेबलावर, भिंतीवर, फिरायला गेल्यावर कुंपणाच्या फळीवर किंवा एखाद्या खुंटावर त्या आपटत राहतो, तेव्हा कुठे त्याला शब्द सुचतात. जे हात मायेने फिरायचे, तेच बोलता यावे म्हणून लाकडावर आपटावे लागतात. एकदा भान हरपून तो जॉर्जच्या खांद्यावर हात ठेवतो, तेवढ्याने भयाने गारठतो आणि हात खिशात खुपसून घरी निघून जातो. जॉर्जला त्या हातांविषयी विचारावेसे वाटत असते, पण तो न विचारण्याचे ठरवतो.

आता कुणी लिहिले की हात हे दडपलेल्या वासनेचे प्रतीक आहे, किंवा हात हे सर्जनशीलतेचे प्रतीक आहे, तर मी अस्वस्थ होते. पहिले विधान पेनसिल्व्हेनियातल्या जमावाच्या फार जवळ जाते. दुसरे अधिक उदार आहे, पण तेही त्याच घाईने केलेले आहे. एका गावाने या हातांत पाप पाहिले, दुसऱ्याने स्ट्रॉबेरीचा आकडा पाहिला, आणि आपण त्यावर तिसरा शिक्का मारतो. निवेदक मात्र स्वतः अर्थ सांगण्याचे टाळतो आणि हे काम कवीचे आहे असे म्हणतो. ती पळवाट आहे असे मला वाटत नाही. ज्या हातांचा घाईने अर्थ लावल्यामुळे एक माणूस उद्ध्वस्त झाला, त्यांच्याविषयी लिहिणाऱ्याने एवढा संयम पाळायलाच हवा होता.

कथेचा शेवट सर्वांना आठवतो. रात्रीचे जेवण झाल्यावर विंग दिव्याखाली गुडघे टेकून जमिनीवर सांडलेले पावाचे कण वेचतो आणि एकेक कण अविश्वसनीय वेगाने तोंडात टाकतो. प्रकाशात येणारी-जाणारी ती बोटे जपमाळ ओढणाऱ्या भाविकाची वाटावीत, असे निवेदक म्हणतो. यावरून विंग संत आहे असा निष्कर्ष अनेक जण काढतात. मी त्यांचे लक्ष वेगाकडे वेधते. हा तोच वेग आहे, जो गावाने क्वार्टमध्ये मोजला होता. इथे तो मोजायला कुणी नाही, दोष द्यायलाही कुणी नाही, आणि असे असताना ते हात निवेदकाला प्रार्थनेत असल्यासारखे दिसतात. जपमाळेची उपमा एवढ्या सगळ्यानंतर येते, म्हणूनच ती पेलते.

त्याच संग्रहातल्या ‘पेपर पिल्स’ मधल्या डॉक्टर रीफींच्या बाबतीत गोष्ट जराशी वेगळी आहे. मनात येणारे विचार ते कागदाच्या कपट्यांवर लिहितात, कपटे खिशात राहून त्यांचे कडक गोळे होतात, आणि खिसे भरले की ते जमिनीवर रिकामे केले जातात. गावाला याची काही पडलेली नाही. डॉक्टरांच्या कथेला निवेदक बागेतल्या वेड्यावाकड्या सफरचंदांची उपमा देतो: तोडणाऱ्यांनी टाकून दिलेली ही फळे एका अंगाला गोड असतात आणि ते मोजक्यांनाच ठाऊक असते. चांगली सफरचंदे पिंपांतून शहरांकडे जातात आणि नाकारलेली झाडावरच राहतात. म्हणजे इथेही निवड आधी दुसऱ्याच कुणीतरी केलेली आहे, आणि कथा त्या निवडीच्या पलीकडे पाहते.

अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनर यांना कारकिर्दीच्या सुरुवातीला अँडरसन यांनीच न्यू ऑर्लिन्समध्ये सांगितले होते की मिसिसिपीतल्या आपल्या छोट्याशा मुलखाविषयी लिहावे. १९३० सालच्या त्यांच्या ‘अ रोझ फॉर एमिली’ या कथेत जेफरसन हे कल्पित गाव तर थेट निवेदकच होते. सगळी कथा ‘आम्ही’ सांगतो. या कथेत गुलाब कुठे आहे, असा प्रश्न हमखास येतो, आणि प्रामाणिक उत्तर असे की गुलाबाचे फूल कुठेच नाही. बंद खोलीतले विटलेले गुलाबी पडदे आणि गुलाबी छटेचे दिवे तेवढे आहेत. मी गुलाबापेक्षा टपालपेटीवर अधिक वेळ देते. घरोघरी टपाल मिळण्याची सोय गावात येते, तेव्हा एमिली ग्रिअर्सन दारावर धातूचे आकडे लावू देत नाही आणि टपालपेटीही बसवू देत नाही. गावाच्या लेखी हा जुन्या घराण्याचा ताठा आहे. पण गाव जे जे तिच्या दारावर लावू पाहते ते ती नाकारते, हे ध्यानात घेतले की त्या दारामागे तिने विष दिलेल्या तिच्या प्रियकराचे, होमर बॅरनचे, प्रेत वर्षानुवर्षे कसे राहू शकले ते समजते. दुर्गंधी आली, तेव्हा चार माणसांनी रात्री चोरासारखे येऊन चुन्याची भुकटी टाकली. आत जाऊन विचारले कुणीच नाही. विष कशासाठी हवे या प्रश्नाला एमिलीने उत्तर दिले नाही, तरी औषधवाल्याने ते ‘उंदरांसाठी’ असे लिहून दिले होते. ‘आम्ही’ हे सर्व सांगत असतो, पण त्यात आपला काही वाटा आहे असे त्याला कुठेही वाटत नाही.

शर्ली जॅक्सन यांच्या ‘द लॉटरी’ या कथेत गाव दर वर्षी चिठ्ठ्यांची सोडत काढते आणि जिची चिठ्ठी निघेल त्या व्यक्तीला दगडांनी ठार मारते; त्या चिठ्ठ्यांची काळी पेटी माझ्या म्हणण्याला वरवर पाहता छेद देते, कारण तिथे गावाने पेटीला कसलाच अर्थ दिलेला नाही. मूळ साहित्य केव्हाच हरवले आहे, विधीतले बरेचसे लोक विसरून गेले आहेत, नवी पेटी करायची चर्चा दर वर्षी होते आणि विरून जाते. सोडत नसते तेव्हा ही पेटी कधी पोस्टमास्तर ग्रेव्हज यांच्या कोठारात, कधी पोस्टात पायाशी, कधी किराणा दुकानाच्या फळीवर पडून असते. वर्षभर अडगळ असलेली ही वस्तू जूनच्या एका सकाळी टेसी हचिन्सनचा जीव घेते. परंपरेचे प्रतीक, असे लिहून मोकळे होणाऱ्यांना मी ती किराणा दुकानाची फळी दाखवते. अर्थ विसरलेली वस्तूही माणसे वापरत राहतात, आणि दगड मारायचे तेवढे मात्र विसरत नाहीत. ‘न्यू यॉर्कर’ मध्ये १९४८ च्या जूनमध्ये ही कथा आली, तेव्हा त्या उन्हाळ्यात जॅक्सन यांना ३०० हून अधिक पत्रे आली. याचा अर्थ काय असे विचारणारे त्यांत पुष्कळ होते, आणि अशा सोडती कुठे होतात, पाहायला येता येईल का, असे विचारणारेही होते.

मग प्रत्येकच वस्तूमागे काहीतरी असते का, असे तुम्ही यापुढे विचाराल. नाही. ‘वाईन्सबर्ग, ओहायो’ च्या अखेरच्या ‘डिपार्चर’ या कथेत जॉर्ज आगगाडीत बसून गाव सोडतो, तेव्हा त्याला मोठे काही आठवत नाही. सकाळी मुख्य रस्त्यावरून फळ्यांची गाडी ढकलत जाणारा टर्क स्मॉलेट, हातात टेंभा घेऊन दिवे लावत जाणारा बुच व्हीलर, पोस्टातल्या खिडकीशी पाकिटावर तिकीट चिकटवणारी हेलन व्हाइट, असे काही त्याच्या मनात येते. त्या फळ्या, तो टेंभा, ते तिकीट यांची प्रतीके करू पाहणाऱ्यांना मी थांबवते. गावाने त्यांच्याविषयी काही ठरवलेले नाही, त्यांच्यापायी कुणाचे आयुष्य अडलेले नाही. एका तरुणाने आपले गाव डोळे भरून पाहिले होते, एवढेच त्यांतून कळते. परीक्षेतले उत्तर लिहितानाही हाच भेद पाळा. ‘हात हे अमुकचे प्रतीक आहे’ या एका वाक्याऐवजी बेरीवाल्या मुलीची हाक, १४० क्वार्ट, कुंपणाची फळी आणि पावाचे कण या क्रमाने चार ओळी लिहा आणि दर ठिकाणी हातांकडे कोण पाहते आहे ते सांगा. पुस्तक वाचायला घेणार असाल, तर सुरुवात ‘हँड्स’ पासून करा आणि ‘डिपार्चर’ शेवटीच ठेवा. मधल्या कथा वाचल्याशिवाय जॉर्जच्या त्या आठवणींचे मोल कळत नाही.