आमची वाटचाल: खिळे-बिजागऱ्यांपासून ॲलन बोल्टपर्यंत

बाबांनी रत्नागिरीत हार्डवेअरचं दुकान काढलं तेव्हा खिळे, कड्या, बिजागऱ्या एवढाच माल होता. ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेले बोल्ट, ठेवायला लागलो ते मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवाल्यांमुळे आणि मिरजोळे एमआयडीसीमुळे. गिऱ्हाईक गंजलेला तुकडा काउंटरवर ठेवून म्हणतं, ‘असाच द्या.’ तो मुळात कसा होता हे ओळखता आलं, म्हणून आमचा धंदा वाढला.

आधी डोकं बघायचं. साध्या ॲलन बोल्टच्या डोक्याची उंची आट्यांच्या व्यासाएवढीच असते. एम ८ ला, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टला, ८ मिलिमीटर, आणि त्याच्या खाचेत ६ मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी चावी) लागते. त्याच एम ८ मध्ये बटण हेड (बुटकं गोलसर डोकं) किंवा सीएसके (पृष्ठभागाच्या पातळीत बसणारं निमुळतं डोकं) असेल तर की ५ ची. म्हणून नुसती की सांगून बोल्ट मागू नये. सीएसकेची लांबी डोक्यासकट धरतात, बाकीच्यांची डोक्याखालून. जुन्या इंजिनांत ५/१६ इंची निघतो, तो व्हर्नियरवर (व्यास मोजायच्या मापकावर) ७.९ मिलिमीटर दाखवतो आणि एम ८ समजून दिला जातो. एम ८ चा नेहमीचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिलिमीटर; इंचीचे नेहमीचे आटे त्याहून जाड. माझी बहीण पिच गेज लावल्याशिवाय पाकीट फोडत नाही.

खरा प्रश्न धातूचा. बंदरावर ३०४ प्रतीच्या स्टेनलेसवरही तांबूस डाग धरतात. ३१६ प्रतीत मॉलिब्डेनम हा धातू असतो, तो खाऱ्या हवेत जास्त टिकतो. त्याच्या बोल्टच्या डोक्यावर ए४ लिहिलेलं असतं. लोहचुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही, तेव्हा छाप वाचायचाच. पण ‘गंजत नाही ना, मग सगळीकडे तोच द्या’ हे आम्ही ऐकत नाही. काळ्या १२.९ ची (जास्त ताकदीच्या पोलादी बोल्टची प्रत) ताण सोसायची ताकद साधारण १२२० मेगापास्कल, ए४-७० या स्टेनलेस बोल्टची ७००. कपलिंगला (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाला) १२.९ असेल तर तिथे तोच, वर ग्रीस मारून. डेकवरच्या फिटिंगला ए४. आणि स्टेनलेसचे आटे कोरडे आवळले तर एकमेकांत चिकटून जाम होतात, अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावाच.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी दुरुस्तीला निघतात. त्यासाठी ए४ चा माल आम्ही मे महिन्यातच भरून ठेवतो, एम ६ आणि एम ८ सर्वात जास्त.