विमा एजंट आणि मूर्ख धनवान

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. तुम्ही एकटेच नाही म्हणा. चर्चच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत, कुणाच्या ओट्यावर चहा पिताना हाच प्रश्न येतो: "रविवारी 'उद्याची चिंता करू नका' ऐकता आणि सोमवारी उद्याचीच भीती घालून विमा विकता. जमतं कसं?" विचारणारा हसत असतो. हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं, असं प्रत्येकाला वाटतं.

मग हटकून बायबलमधल्या लूकच्या बाराव्या अध्यायातला, येशूनं सांगितलेल्या दाखल्यातला, म्हणजे बोधकथेतला, धनवान येतो. पीक अमाप आलं, कोठारं पाडून मोठी बांधू, मग खाऊ, पिऊ, मजा करू, असं ठरवणारा आणि त्याच रात्री ज्याचा जीव मागितला गेला तो. अहो, नीट वाचा. हा माणूस अख्ख्या दाखल्यात स्वतःच्या जिवाशीच बोलतो. कापणीला मजूर असतील, घरात बायको-पोरं असतील, पण त्याच्या तोंडी एकाचंही नाव नाही. देव त्याला विचारतो, तू साठवलंस ते आता कोणाचं होणार? माझ्या फॉर्मवर हाच प्रश्न नॉमिनीच्या रकान्यात छापलेला असतो. धनवानाचा तो रकाना कोरा होता. साठवणं चूक असतं तर बायबलमधल्याच योसेफानं मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, सात सुकाळी वर्षं पिकाचा पाचवा हिस्सा कशाला राखला असता? (त्याच धान्यासाठी पुढं लोकांनी गुरं विकली, जमिनी विकल्या. हे मी विम्याच्या मीटिंगमध्ये सांगत नाही.)

स्कॉटलंडच्या चर्चनं 1744 मध्ये पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, विधवांसाठी निधी उभारला. वर्षाला किती पाळक मरतील, मागं किती विधवा राहतील, हा हिशेब रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर या दोघा पाळकांनीच मांडला, आणि कॉलिन मॅक्लॉरिन या गणितज्ञानं त्यांना मदत केली. तेव्हा धर्म आणि विमा एका घरात नांदत नाहीत, हे मला सांगू नका.

सुरुवातीला विमा विकताना मी येशूचाच दहा कुमारींचा दाखला वापरायचो. वराची वाट बघणाऱ्या दहाजणी. पाचजणींनी जादा तेल घेतलेलं, पाचजणींनी नाही. "तुमच्या कुपीत किती तेल आहे?" एवढं म्हटलं की फॉर्म भरले जायचे. शहाण्या पाचजणींनी तेल वाटून दिलं नाही, हे तू का गाळायचास, असं त्या जुन्या मला विचारलं तर तो म्हणेल, वाटलं असतं तर कुणालाच पुरलं नसतं, तिथंच लिहिलंय. बरोबर आहे त्याचं.

आता पंगतीत न सांगितलेलं सांगतो. आमच्याच चर्चच्या मंडळीतला एकजण टेम्पो चालवायचा. त्या तेलाच्या भाषणानंतर त्यानं पॉलिसी घेतली, दोन वार्षिक हप्ते भरले. तिसऱ्या वेळी म्हणाला, "भाऊ, पैसे होते, पण मेव्हण्याच्या पोराला दवाखान्यात ठेवलंय. तिकडं दिले." ग्रेसचे, म्हणजे उशिरा हप्ता भरायच्या सवलतीचे, तीस दिवस उलटले आणि पॉलिसी बंद पडली. व्याजासकट भरून पॉलिसी परत चालू करता येते, हे मी घरी जाऊन सांगितलं. "देव बघेल," म्हणाला. पोरगं बरं झालं. नाताळच्या तोंडावर हा हार्ट अटॅकनं गेला.

दफनानंतर त्याच्या बायकोनं मला आतल्या खोलीत बोलावलं. पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली पॉलिसी काढून माझ्या हातात दिली. "भाऊ, सही कुठं करू?" नॉमिनीच्या रकान्यात तिचं नाव होतं, माझ्याच अक्षरात. तेव्हा तीन वर्षं हप्ते भरल्याशिवाय बंद पडलेल्या पॉलिसीला पेड-अप किंमत, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरती रक्कम, येत नसे. तिला ते समजावून सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे त्या पोराला पैसे दिले नसते, तर हे मिळाले असते?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बाहेर कुणीतरी बोलत होतं, एजंटानं एक हप्ता खिशातून भरला असता तर काय बिघडलं असतं? तर ऐका. लोकांचे हप्ते मी भरलेत, बरेचसे परत आले नाहीत. सगळ्यांचे भरत बसलो असतो तर माझीच चूल बंद पडली असती. त्या पाचजणींचं उत्तर मला तोंडपाठ होतं. त्या आवारात ते तोंडातून निघेना.

आणि माझा तो नॉमिनीचा युक्तिवाद? या माणसाचा रकाना भरलेला होता आणि हातही सैल होता. दाखला जसं जगायला सांगतो तसा तो जगला, आणि माझ्या कागदानं त्याच्या बायकोला शून्य दिलं. मंडळीनं वर्गणी काढून शिलाई मशीन घेऊन दिलं. मेव्हण्यानं दोन वर्षं किराणा भरला. शून्यापेक्षा ते जास्तच, कबूल. पण थोरलीचं शिक्षण दहावीला थांबलं, हेही कबूल करा. अमेरिकेतले आमिश लोक, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीनं राहणारा एक ख्रिस्ती पंथ, व्यापारी विमा टाळतात. कुणाचं कोठार जळलं तर शेजारी जमून नवं उभं करतात. तिथं माझी गरज नाही. आमच्याकडं वर्गणी एकदाच निघते.

तेव्हा जमतं का, याचं उत्तर दर आठवड्याला वेगळं येतं. यंदा सुगीच्या सणाला पाळकसाहेब पुन्हा धनवानाचाच दाखला घेणार आहेत. त्यांचा पेन्शन प्लॅन माझ्याकडेच आहे, जानेवारीत हप्ता असतो आणि कधी चुकत नाही. एकदा त्यांनाही विचारा की.