तुम्ही विचारलंत म्हणून: मीटर असताना हा डबा कशाला?

माझ्या टीव्ही दुरुस्तीच्या टेबलावरची ती साबणाची डबी, म्हणजे कॉइल तपासायचा घरी बनवलेला डबा, आणि तिच्यातले आठ एलईडी बघून प्रत्येक जण हेच विचारतो. हल्ली जोडीला टोमणाही असतो: ट्यूबचे टीव्ही गेले, हे अजून ठेवलंय?

ठेवलंय. कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, तुटली तर मल्टिमीटर सांगतो. आतल्या आत एखादा वेढा शॉर्ट झाला तर तो गप्प. योक म्हणजे पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या, किरण वळवणाऱ्या कॉइल. त्यातल्या आडव्या कॉइलचा रेझिस्टन्स एखाद-दोन ओहम. त्यात एक वेढा कमी झाल्याचा फरक प्रोबच्या वायरीतच हरवतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, आणि तरीही "मीटरवर ओके म्हणजे ओके" असं मीच लोकांना छातीठोक सांगायचो.

मार्च 2003. रविवारी, 23 तारखेला वर्ल्डकपची फायनल. गुरुवारी गल्लीतल्या काकांचा 21 इंची कलर टीव्ही आला. योक चालवणारा हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट. नवा टाकला, उडाला. दुसरा टाकला, तोही. योक मीटरवर बघितला, ओके. मग एलओटीच (पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) गेला असणार! शुक्रवारी पुण्याला तापकीर गल्लीत जाऊन नवा आणला, पैसे काकांकडून आधीच घेतलेले. शनिवारी रात्री तिसरा ट्रान्झिस्टर उडाला. चित्र दिसलं असतं तर तिरक्या कडांवरून योक ओळखला असता, पण चित्र येईपर्यंत ट्रान्झिस्टर टिकतच नव्हता.

रविवारी काका आले. उघडा टीव्ही बघितला, "राहू दे, शेजारी बघतो" म्हणाले आणि गेले. पाँटिंग नाबाद 140 मारत होता तेव्हा समोरच्या घरातले सुस्कारे ऐकत मी सोल्डर ओढत बसलो होतो. सोमवारी भंगारातल्या सेटचा योक लावला. टीव्ही चालू.

एलओटीचे पैसे परत केले नाहीत. नवा एलओटी त्यांच्याच टीव्हीत आहे की, अशी स्वतःची समजूत घातली.

त्यानंतर हा डबा बनवला. कॉइलला कपॅसिटर जोडून छोटा झटका द्यायचा. चांगली कॉइल घंटेसारखी घुमत राहते. शॉर्ट वेढा सगळी ऊर्जा पिऊन टाकतो, दोन हेलकाव्यांत खेळ खलास. एलएम 393 ही चिप हेलकावे टिपते, 4015 ही दुसरी चिप दर हेलकाव्याला एकेक एलईडी पेटवते. झटका अर्ध्या-पाऊण व्होल्टचाच, त्यामुळे बोर्डावरचे डायोड मध्ये लुडबुडत नाहीत. मात्र लोखंडी पट्ट्यांच्या ट्रान्सफॉर्मरला लावू नका, तो चांगला असूनही फारसा घुमत नाही. आणि हाय व्होल्टेज आल्यावरच आत ठिणगी पडणारा एलओटी यावर खुशाल पास होतो.

खरं सांगायचं तर तेव्हा सिरीज बल्ब (सप्लायच्या वाटेत जोडलेला, करंट अडवणारा बल्ब) लावून योकचा प्लग काढून बघितलं असतं, तरी संशय आला असता. बल्ब दुकानातच होता. म्हणजे डबा नव्हता म्हणून चुकलो, हेही पूर्ण खरं नाही.

आज सकाळी एका इन्व्हर्टरच्या फेराइट गाभ्याच्या (लोखंडी पट्ट्यांच्या नव्हे) ट्रान्सफॉर्मरवर तीन एलईडी पेटले. दोन असते तर फेकला असता, सहा असते तर बसवला असता. बाजूला ठेवलाय.