मला वाटलंच होतं

मागच्या उन्हाळ्यात बोअर घ्यायचं ठरलं तेव्हा बाबांनी आधी पाणाड्याला फोन लावला, मशीनवाल्याला नंतर. पाणाड्या आला, तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरभर फिरला आणि बांधावरच्या उंबराजवळ आल्यावर नारळ टक्कन उभा! "हितं पाडा." मी उगं हुशारी करत विचारलं, काका तुम्हाला कळतंय कसं, तर म्हणले, "कळत नसतंय बाबा, जाणवतंय."

आता हा फरक काही माझ्या डोक्यातून जाईना. इंट्यूशनला मराठीत काय म्हणतात म्हणून डिक्शनरी बघितली तर अंतर्ज्ञान, अंतःप्रेरणा वगैरे, हे शब्द आमच्या गल्लीत कुणी तोंडानं बोललेले मी तरी ऐकले नाहीत. आपण काय म्हणतो, चाहूल लागली, कुणकुण लागली, मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हणजे सगळा कानाचा कारभार! इंट्यूशन ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ निरखून बघणं, म्हणजे तिकडं डोळे आणि इकडं कान. रात्री लाईट नसणाऱ्या गावातल्या माणसाला कानावरच राहावं लागतं, हे आपलं माझं मत, भाषावाल्यांनी मनावर घेऊ नये.

आणि ‘वाटणं’? ते आईचं खातं. तिला सारखं काहीतरी वाटायलेलं असतं. पाहुणे येतील वाटलं की चार भाकरी जास्त थापते, पाहुणे आले की "मला वाटलंच होतं", नाही आले की सकाळी आम्हाला फोडणीची भाकर, आणि त्या फोडणीच्या भाकरींचा हिशोब आजवर कुणी ठेवलेला नाही.

पाणाड्याला मात्र मला सरसकट थोतांड म्हणवत नाही. नारळ उभा राहतो तो हाताच्या नकळत हालचालीनं, पाण्याचा त्यात काही संबंध नाही, हे खरं. पण त्या माणसाची अर्धी जिंदगी लोकांच्या वावरातून फिरण्यात गेलीय. कुठला उंबर भर मे महिन्यात हिरवा राहतो, वारूळ कुठं आहे, उतार कुणीकडं आहे, हे त्याचे डोळे आपोआप टिपत असणार आणि श्रेय नारळाला. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत झाडं आणि वारुळांवरून पाणी ओळखायचं एक अख्खं प्रकरणच लिहिलंय. आणि हर्बर्ट सायमन, 1978 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला माणूस, त्याचं म्हणणं असं की इंट्यूशन म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, ओळख पटणं. आधी बघितलेलं परत समोर आलं की आतून खूण पटते, कुठं बघितलं ते मात्र सांगता येत नाही. काकांचं ‘जाणवतंय’ हेच की.

फक्त आपल्या मराठवाड्याच्या पोटात बहुतेक ठिकाणी काळा बसाल्ट, त्यात पाणी फटीफटीत. उंबराच्या मुळीला सापडलेली फट मशीनला दहा फुटांवरून चुकते. आमची चुकली. 480 फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला, मशीनवाला फुटावर पैसे घेऊन गेला.

"मला वाटलंच होतं," आई म्हणली.

बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. पण आठ दिवसांपासून बघतोय, संध्याकाळी खालच्या कोपऱ्यात बाभळीपाशी जाऊन उभे राहायलेत, चपलेनं माती उकरायलेत, नारळ नाही काही नाही. विचारलं तर म्हणले, "काय नाय, उगं."